आईच्या डब्यातला बटाट्याचा चुरा

माझी आई ८२ वर्षांची आहे आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. मी कोथरूडला राहते आणि आठवड्यातून तीनदा तिच्याकडे जाते, पण स्वयंपाक तिचा तीच करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडले. तेव्हापासून कणीक मळणे आणि पोळ्या लाटणे कसेबसे चालू राहिले. मात्र कुकरचे झाकण फिरवणे, चटके सोसत उकडलेल्या बटाट्यांची साले काढणे आणि ते बटाटे पुरणयंत्रातून काढणे तिला अशक्य झाले. ज्या घरात एकादशीला उपवासाचे थालीपीठ, पावसाळी संध्याकाळी बटाटेवडा आणि प्रवासाला निघणाऱ्याच्या डब्यात बटाट्याचा पराठा ठरलेला असे, त्या घरातून बटाटा हळूहळू नाहीसा झाला. तिने त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही. एका आषाढी एकादशीला मी दुपारी गेले, तेव्हा ती नुसते दूध आणि एक केळे घेऊन बसली होती, आणि ते माझ्या मनाला फार लागले.

इन्स्टंट मॅश्ड पोटॅटो, म्हणजे बाजारात ज्याला पोटॅटो फ्लेक्स म्हणतात तो पदार्थ, आमच्याकडे आला तो मात्र या कारणासाठी नव्हे. माझा मुलगा मित्रांबरोबर राजगडावर मुक्कामाला गेला होता आणि शिध्यात त्याने फ्लेक्सचे एक पाकीट नेले होते. त्यातले अर्धे तसेच परत आले आणि माझ्या फडताळात पडून राहिले. एके दिवशी मी ते आईकडे घेऊन गेले. पाकीट परातीत ओतले, तर आत फिकट पिवळसर रंगाचे, नखाएवढे आणि कागदासारखे पातळ पापुद्रे होते. बोटांत चुरगाळले की ते वाळक्या पानासारखे मोडत आणि जिभेवर ठेवले की विरघळून थेट उकडलेल्या बटाट्याची चव देत. आईने त्याला पहिल्याच दिवशी ‘चुरा’ असे नाव दिले. आमच्या घरात तेच रूढ झाले आहे, म्हणून पुढे मीही तेच वापरते.

पहिला प्रयोग मी केला आणि तो साफ फसला. बटाटेवडा करायचा होता, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मापाने चुऱ्यात उकळते पाणी ओतले, रवीने चांगले घुसळले आणि त्यात वरून फोडणी घातली. सारण लाडूसारखे वळण्याऐवजी हाताला तार धरू लागले. कपड्यांना घालायची खळ जशी दिसते, तसे ते दिसत होते. तरीही मी हट्टाने गोळे केले, डाळीच्या पिठात बुडवले आणि कढईत सोडले. तिसऱ्या वड्याची पारी फुटली, सारण तेलात पसरले, तेल फसफसून वर आले आणि मला गॅस बंद करावा लागला. आई खुर्चीत बसून सगळे पाहत होती. ती म्हणाली, “अगं, तू त्याला बटाटा समजतेस. हा बटाटा नाही, हे पीठ आहे. पिठाला पाणी किती लागतं ते आधी बघायचं, मग हात घालायचा.”

चुऱ्याच्या स्वयंपाकाचे सगळे मर्म मला या एका वाक्यात सापडले. चुऱ्याकडे बटाट्याची नक्कल म्हणून पाहिले, तर तो प्रत्येक वेळी निराश करतो. भाजणी, बेसन, राजगिऱ्याचे पीठ, रवा यांच्या पंगतीत त्याला बसवले, म्हणजे ओलावा शोषणे, मिश्रण बांधणे, रस दाट करणे आणि वरून कवच देणे ही पिठांची कामे त्याच्याकडून करून घेतली, तर तो अशी काही कामे करतो, जी प्रत्यक्ष उकडलेल्या बटाट्यालाही जमत नाहीत.

आईचे म्हणणे बरोबर का आहे, हे चुरा कसा बनतो ते वाचल्यावर मला उमगले. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि उरलेल्यात मोठा वाटा स्टार्चचा असतो. हा स्टार्च बटाट्याच्या पेशींच्या आत बारीक कणांच्या रूपात बंद असतो. बटाटा शिजू लागला की साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसपासून हे कण पाणी शोषून फुगू लागतात, आणि तापमान आणखी वाढले की पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन सैल पडते. असा बटाटा हलक्या हाताने कुस्करला, तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात पण फुटत नाहीत, म्हणून तो मोकळा लागतो. तोच मिक्सरमध्ये फिरवला, तर पेशी फुटून आतला स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात चिकट लगदा उरतो. बटाटा वाळवून टिकवू पाहणाऱ्यांपुढेही नेमकी हीच अडचण होती, आणि १९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी विभागाच्या फिलाडेल्फियाजवळील प्रयोगशाळेत तिच्यावर उपाय सापडला. सोललेल्या बटाट्याच्या चकत्या आधी ७० अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात सुमारे २० मिनिटे ठेवायच्या, मग थंड पाण्यात गार करायच्या, आणि त्यानंतरच वाफेवर पूर्ण शिजवायच्या, असा तो क्रम आहे. मध्ये गार केल्यामुळे फुगलेला स्टार्च पेशीच्या आतच घट्ट बसतो आणि पुढे सहजासहजी बाहेर पडत नाही. शिजलेला बटाटा कुस्करून, आतून वाफेने तापवलेल्या एका मोठ्या फिरत्या पिंपावर त्याचा पातळ थर देतात. पिंपाची फेरी पुरी होईपर्यंत तो थर कागदासारखा वाळतो, पाते तो खरवडून काढते आणि त्या कागदाचे तुकडे म्हणजे फ्लेक्स. पाच किलोंहून अधिक बटाटे आटून जेमतेम एक किलो चुरा मिळतो.

यातून स्वयंपाकघरासाठी दोन गोष्टी निघतात. चुरा आधीच पूर्ण शिजलेला असतो, त्यामुळे त्याला आच नको, फक्त ओलावा हवा. दुसरी गोष्ट अशी की वाळवताना आणि तुकडे करताना काही पेशी फुटतातच, म्हणून उकळते पाणी ओतून जोराने घुसळले की त्यांतला मोकळा स्टार्च सगळे मिश्रण चिकट करून टाकतो. माझी खळ झाली होती ती यामुळेच. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करावा, दोन मिनिटे थांबावे, चुरा वरून भुरभुरावा आणि चार-पाच मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. मग काट्याने किंवा बोटांच्या टोकांनी खालीवर करावे. नेहमीच्या मऊ मॅशसाठी एक वाटी चुऱ्याला सव्वा ते दीड वाटी दूध-पाणी लागते. वडा, टिक्की किंवा पॅटिससाठी मात्र पाऊण वाटीच पुरते, आणि पाकिटावरचे माप मऊ मॅशचे असते, हे लक्षात ठेवावे.

वाळवलेला बटाटा ही कल्पना आईला परकी वाटली नाही, याचे मला सुरुवातीला आश्चर्य वाटले. वाटायला नको होते. माझ्या लहानपणी एप्रिल-मे महिन्यांत वाड्याच्या गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत असे. मंडईतून पोत्याने बटाटा यायचा, तोही आग्र्याचा की इंदूरचा की जवळच्या तळेगावचा, हे आजी हातात घेऊन, नखाने साल खरवडून ठरवायची. किसलेला बटाटा तुरटीच्या पाण्यातून काढून जुन्या धुवट साड्यांवर पसरायचा आणि आम्हा मुलांना कावळे हाकलायला बसवायचे, ही दर उन्हाळ्याची रीत होती. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात केचुआ आणि आयमारा लोक शेकडो वर्षांपासून रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठवून, दिवसा पायाने तुडवून आणि उन्हात वाळवून ‘चुन्यो’ नावाचा टिकाऊ बटाटा करत आले आहेत. आमची गच्ची आणि त्यांचे पठार यांत अर्थातच पुष्कळ अंतर आहे, पण ज्यांच्या घरी बटाटा महत्त्वाचा असतो त्यांना तो वर्षभर पुरवण्याची निकड सारखीच वाटते. फरक इतकाच की आपला कीस तेलात फुलतो आणि चुरा पाण्यात.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळते, आणि पहिला मान उपवासाच्या थालीपिठाला देते, कारण आईच्या घरात बटाटा परत आला तो त्याच वाटेने. राजगिऱ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे ते थापताना कडा फाटतात आणि उलटताना मोडते. म्हणूनच त्यात उकडलेला बटाटा घालण्याची पद्धत आहे. पण बटाट्यात किती पाणी निघेल याचा नेम नसतो. नवा बटाटा ओलसर निघाला की पीठ सैल होते, मग वर आणखी पीठ घालावे लागते आणि थालीपीठ घट्ट होते. चुऱ्याच्या बाबतीत पाण्याचे माप आपल्या हाती राहते. आई अर्धी वाटी चुऱ्यावर अर्धी वाटी कोमट ताक शिंपडते आणि पाच मिनिटे झाकून ठेवते. मग त्यात एक वाटी राजगिऱ्याचे पीठ, पाव वाटी दाण्याचे कूट, वाटलेली मिरची आणि जिरे, मीठ आणि चिमूटभर साखर घालून, लागेल तसा ताकाचा हात लावून गोळा करते. जोर लावून मळावे लागत नाही, आणि तिच्या अंगठ्यांसाठी हे सर्वांत महत्त्वाचे आहे. ओल्या रुमालावर ती तळव्याच्या टाचेने थापते, बोटांनी नव्हे, कारण बोटे दुखतात. मधोमध भोक पाडून ती रुमालासकट थालीपीठ तव्यावर पालथे घालते, रुमाल अलगद सोडवते, भोकात अर्धा चमचा तूप सोडते आणि झाकण ठेवते. कडेने तूप चुरचुरायला लागले आणि भोकाभोवती बदामी कडे दिसले, की उलटायचे. ते मोडत नाही. बाहेरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत होते, आणि गार झाल्यावरही चामट लागत नाही.

उपवासाचा प्रश्न निघाला आहे, तर पाकिटावरील घटकांची यादी वाचण्याविषयी आत्ताच सांगते. साध्या चुऱ्यात बटाट्याखेरीज बहुधा थोडे इमल्सिफायर असते, ज्याने पापुद्रे पिंपावरून सुटायला आणि नंतर मोकळे राहायला मदत होते, आणि रंग काळवंडू नये म्हणून सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट असते. स्वाद घातलेल्या पाकिटांत मात्र मीठ, दूधपावडर, चीज, कांदा किंवा लसूण यांची पूड असू शकते. तेव्हा उपवासाला फक्त साधा चुरा घ्यावा, आणि त्यातले काय चालते व काय नाही, हे आपल्या घरच्या रीतीने ठरवावे. आईने भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू पूर्ण वाचली, हिरवा ठिपका पाहिला आणि मगच तिच्या उपवासाच्या डब्यांच्या रांगेत चुऱ्याला जागा दिली.

बटाटेवड्याचा प्रश्न मी तसाच सोडून देऊ शकत नव्हते. चौथ्या खेपेला जमला तो असा, की फोडणी वरून घालण्याऐवजी फोडणीतच पाणी घातले. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद, भरपूर आले-लसूण-मिरचीचा ठेचा परतून त्यावर पाऊण वाटी पाणी आणि मीठ घातले, उकळी आणली, गॅस बंद केला, आणि थोड्या वेळाने एक वाटी चुरा भुरभुरून कढई झाकून ठेवली. प्रत्येक पापुद्र्याने साधे पाणी न पिता फोडणीचे पाणी प्यायले, त्यामुळे चव आतपर्यंत मुरली, आणि हे उकडलेल्या बटाट्याच्या सारणात कधीच इतके नीट साधत नाही. वरून कोथिंबीर आणि लिंबू घातले. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय गोळे करू नयेत, कारण गार होताना ते आणखी आवळून येते. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर वड्याच्या सारणात बटाट्याच्या बारीक फोडी दाताखाली याव्या लागतात आणि चुऱ्याच्या सारणात त्या नसतात. म्हणून मी आता शक्य तेव्हा एक लहान बटाटा उकडून, हाताने फोडून त्यात मिसळते. एक बटाटा सोलणे आईलाही जमते.

साबुदाणा वड्यात चुरा याहून जास्त शोभतो. भिजलेल्या साबुदाण्यात कधी पाणी जास्त राहते आणि वडे तेलात सुटतात; अशा वेळी एक वाटी साबुदाणा भिजवून झाल्यावर त्यात पाव ते अर्धी वाटी चुरा कोरडाच घालावा, कूट, मिरची, जिरे, मीठ मिसळावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. चुरा साबुदाण्याभोवतीचे पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यानेच मिश्रण बांधतो. फार कोरडे वाटले तर चमचाभर पाण्याचा शिपका द्यावा, त्याहून अधिक नको.

दशमीचा प्रयोग हा माझ्या स्वतःच्या आवडीचा आहे. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी प्रवासात पोळीपेक्षा मऊ राहते, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन वाट्या कणकेत पाव वाटी चुरा मिसळून ती कोमट दुधात भिजवली, वर चमचाभर तुपाचे मोहन घातले आणि अर्धा तास झाकून ठेवली, तर दशमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहते, कारण चुऱ्यातला शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. याच कारणाने पाव आणि बन घरी भाजणारी मंडळी मैद्यात थोडा चुरा घालतात. मात्र चुरा घातलेल्या कणकेला दूध नेहमीपेक्षा जास्त लागते, आणि ते एकदम न घालता दोन टप्प्यांत घालावे, नाहीतर सुरुवातीला सैल वाटलेली कणीक अर्ध्या तासाने दगडासारखी होते. माझी पहिली कणीक तशीच झाली होती.

रस्सा दाट करण्यासाठी चुरा अगदी सोपा आहे आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टोमॅटोचे सार, पालकाचे सूप, पातळ राहिलेली उसळ, यांत गॅस बंद केल्यावर एक-दोन चमचे चुरा भुरभुरून ढवळावा. बेसन किंवा कॉर्नफ्लॉवर वापरले तर कच्चा वास जाईपर्यंत उकळावे लागते, याला ते लागत नाही. दोन चमचे मात्र दोनच असावेत. चौथ्या चमच्याला साराचे पिठले होते.

कवच म्हणून तो ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा मला सरस वाटतो. कटलेट किंवा पॅटिस तांदळाच्या पिठाच्या पातळ घोळात बुडवून कोरड्या चुऱ्यात दाबून घोळवावे. पापुद्रे वेडेवाकडे चिकटतात आणि तळल्यावर त्यांच्या बारीक खवल्या उभ्या राहतात. आच मध्यम ठेवावी लागते, कारण चुरा आधीच शिजलेला आणि कोरडा असल्याने लवकर लाल होतो. मोठ्या आचेवर कवच करपते आणि आतले गारच राहते. आमच्या शेजारच्या काकू याच पद्धतीने सुरमईचे तुकडे तव्यावर परततात आणि रव्यापेक्षा हे आवरण हलके लागते, असे सांगतात. मी शाकाहारी असल्याने तो निर्वाळा त्यांचाच आहे.

मुलाच्या राजगडाच्या शिध्याकडेही मी नव्याने पाहिले. त्याला चुरा आवडला नव्हता, कारण त्याने पद्मावती माचीवर थंडीत तो नुसत्या गरम पाण्यात कालवून खाल्ला होता. पुढच्या खेपेला मी त्याला घरूनच कोरडे मिश्रण बांधून दिले: एक वाटी चुरा, दोन मोठे चमचे दूधपावडर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वाळवलेला पुदिना, मिरपूड आणि मीठ, आणि वेगळ्या पुडीत सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी. वर जाऊन एका भांड्यात पाणी उकळायचे, दोन मिनिटे थांबायचे, मिश्रण टाकायचे, झाकायचे आणि वरून चटणी पसरायची. गडावर पाणी आणि इंधन दोन्ही मोजून वापरावे लागतात. बटाटा उकडायला लागणारा वेळ आणि पाठीवर वाहावे लागणारे बटाट्यातले ८० टक्के पाणी असे दोन्ही यात वाचतात. या वेळी पाकीट रिकामे परत आले.

जे जमत नाही तेही लिहायला हवे. बटाट्याच्या काचऱ्या, मसाला डोशातली भाजी, बटाट्याचा रस्सा, या पदार्थांचा जीव फोडीत असतो आणि चुऱ्याला फोड नसते, तेव्हा तिथे त्याला नेऊ नये. उपवासाचा बटाट्याचा शिरा मी दोनदा करून पाहिला. तुपावर चुरा भराभर तांबूस होतो, वासही छान येतो, पण दूध घातल्यावर तो दाणेदार न राहता टाळूला चिकटतो. वेलची आणि बदामाने चव झाकता येते, पोत मात्र झाकता येत नाही. शिऱ्यासाठी कुकर लावावा किंवा सरळ राजगिऱ्याचा शिरा करावा, असे माझे मत झाले आहे.

आरोग्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांभाळावी लागते. चुऱ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक वरचा असतो, म्हणजे तो पोटात गेल्यावर रक्तातली साखर लवकर चढते. माझ्या यजमानांना मधुमेह आहे, म्हणून त्यांच्या ताटात चुऱ्याचे थालीपीठ एकच वाढते, आणि त्यासोबत दही व दाण्याची आमटी असते. ताज्या बटाट्यातले क जीवनसत्त्वही वाळवताना बरेचसे जाते. ज्यांच्या हातात बळ आहे आणि ज्यांना मंडईत जाणे शक्य आहे, त्यांनी रोजच्या स्वयंपाकाला ताजाच बटाटा आणावा, असे मी कळकळीने सांगेन. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर शेतकरी पावसाळ्यात बटाटा पिकवतात. त्या नव्या, पातळ सालीच्या बटाट्याची भाजी कोणत्याही पाकिटातून निघणार नाही.

चुरा आता पुण्यातल्या मोठ्या किराणा दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतो. डीसा, मेहसाणा अशा गुजरातेतल्या बटाट्याच्या पट्ट्यात वेफर्स, फ्राइज यांच्याबरोबर फ्लेक्सही तयार होतात आणि आलू भुजियासारखे फरसाण करणारेही ते वापरतात, त्यामुळे परदेशी महाग पाकीटच घ्यावे असे राहिलेले नाही. घेताना तारीख पाहावी. मला एकदा एका दुकानातून आलेल्या पाकिटाला जुन्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता आणि तो कोणत्याही मसाल्याने गेला नाही. चुऱ्यातला स्निग्धांश अगदी थोडा असला तरी हवेने खवट होतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये पाकीट नुसते चिमटा लावून ठेवले, तर चार दिवसांत पापुद्रे मऊ पडतात आणि गुठळ्या होतात. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरून, ओला चमचा कधीही न घालता, महिन्या-दीड महिन्यात संपेल इतकाच उघडावा.

आईसाठी मी फिरकीऐवजी वर उचलायच्या झाकणाचा डबा आणला, कारण फिरकी तिला लावता येत नाही. त्यावर तिने कागदाची पट्टी चिकटवून तिच्या वळणदार अक्षरात ‘ब. चुरा’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘गरम नको, कोमट’ असेही. गेल्या आषाढीला मी मुद्दाम लवकर, अकरालाच, तिच्याकडे पोहोचले. ओटा पुसून झाला होता, ओला रुमाल दोरीवर वाळत होता आणि तव्यावर तिसरे थालीपीठ झाकलेले होते. पहिली दोन ताटलीत घालून तिने खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पाठवूनही दिली होती. मी उलथणे घ्यायला हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “थांब गं, अजून कड सुटली नाही. तू दह्याचं भांडं काढ.”